दुपारची लग्नं

आशाचं लग्न झालं ते २०२२ साल. करोनाची बंधनं उठल्यावर तिचे वडील रावजी यांच्या घरातलं ते पहिलं मोठं कार्य. विंचूरजवळच्या त्यांच्या वस्तीवर मे महिन्याच्या उन्हात मांडव तापला होता. वऱ्हाडी घामाने निथळत होते. देवळ्याकडून आलेला नवरदेव अमित सारखा फेट्याखालचा घाम पुसत होता. त्याच्या मामाने शेवटी विचारलंच, "पाव्हणं, संध्याकाळचा मुहूर्त होता की! भर उन्हात कशाला भाजताय आम्हाला?"

"आमच्या घराची रीतच हाय," रावजी हसून म्हणाले. "आमच्यात लग्न दुपारीच लागतं."

ते खोटं नव्हतं. त्या घरात मुलगी बघायला येणाऱ्यांनाही दुपारीच बोलावत. साखरपुडा दुपारी, हळद दुपारी. दिवे लागले की त्या घरातल्या बायका उंबऱ्याबाहेर पाय टाकत नसत. गावात याचं कौतुक होतं. 'काय वळण हाय पोरींना!' असं लोक म्हणत आणि रावजी ते कौतुक मिशीवर हात फिरवत ऐकून घेत.

खरी गोष्ट वेगळी होती. त्या घरातल्या बऱ्याच बायकांना दिवस मावळला की दिसत नसे. वय वाढे तशी दिवसाची नजरही आकसत जाई. रावजींनी सख्ख्या मामाची मुलगी केली होती, कुसाबाई. रावजींच्या वडिलांनीही मामाचीच मुलगी केली होती. पोरगी बाहेर दिली तर बोभाटा होईल, म्हणून पिढ्यान् पिढ्या घरातल्या घरात सोयरिकी झाल्या. आशाच्या वेळी नात्यात जोगता मुलगा उरला नव्हता, म्हणून ती देवळ्याकडे गेली, एवढंच.

कुसाबाईने आशाला सासरी पाठवताना साड्या दिल्या, भांडी दिली आणि आंधळेपण लपवायची विद्या दिली. ती विद्या तिला तिच्या आईने दिली होती. दिवसाउजेडी सगळं घर हाताने चाचपून ठेवायचं. भाकरी सूर्य मावळायच्या आत करून घ्यायच्या. संध्याकाळी कुणी हाक मारली तर डोकं दुखतंय म्हणायचं. फार झालं तर उपास धरायचा. आणि टॉर्च घेऊन फिरायचं नाही, कारण उजेड असताना टॉर्च लावली की माणसं विचारतात.

"आणि नवऱ्याला?" आशाने विचारलं होतं.

"त्याला तर मुळीच नाय," कुसाबाई म्हणाली होती. "मी सांगितलं नव्हतं कुणाला."

कुसाबाईला सांगायची गरजच नव्हती. तिच्या सासरी सगळ्यांना माहीत होतं. आशाच्या सासरी कुणालाच नव्हतं. आई स्वतःच्या लेकीला हे शिकवते आणि तिला ते संस्कार वाटतात, याची किळस येते.

आशाचं सासर भलं होतं. सासू विमलाबाई तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. सून अंधार पडला की अंथरूण धरते, हे बघून ती चेष्टा करायची, "कोंबडीमायक सांजलेच झोपस तू!" आशा हसायची. अमितही हसायचा. एकदा तिन्हीसांजेला ती ओसरीत उभ्या असलेल्या मोटारसायकलवर आदळली, गुडघा फुटला. अमित तिच्या गुडघ्याला हळद लावत म्हणाला, "एवढी मोठी गाडी दिसली नाही का गं?" तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिने गिळलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर कुसाबाईला दिवसाही धूसर दिसायला लागलं. मोतीबिंदू असेल म्हणून रावजींनी तिला नाशिकला एका डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. धाकटी मुलगी मोहिनी सोबत होती. ती नाशिक रोडला राहून कॉलेज करत होती.

डॉक्टर स्नेहा पगारे यांनी कुसाबाईच्या डोळ्यांत औषध घातलं, बाहुल्या मोठ्या होऊ दिल्या आणि यंत्रातून बराच वेळ आत पाहिलं. मग विचारलं, "मावशी, रात्री दिसतं का?"

"दिसतं की," रावजींनी उत्तर दिलं.

"मी त्यांना विचारलं."

कुसाबाई मान खाली घालून बसली. मोहिनी म्हणाली, "नाही दिसत मॅडम. आईला नाही, ताईला नाही. मलाही आताशा कमी दिसतं."

डॉक्टरांनी मोहिनीचे डोळे तपासले. मोतीबिंदू काढला तर आईला थोडं स्वच्छ दिसेल, त्या म्हणाल्या, पण खरा आजार डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आहे. तो पडदा हळूहळू वाळत जातो आणि त्यावर काळे डाग पडतात. शस्त्रक्रियेने तो बरा होत नाही. "आमच्याकडे या आजारावर संशोधन चालू आहे. घरातल्या सगळ्यांचं रक्त दिलंत तर दोष नेमका कुठला ते शोधता येईल. जगात एका प्रकारावर इलाज निघालाय, उद्या दुसऱ्यावर निघेल. पण त्याआधी दोन गोष्टी करा. नात्यात लग्नं लावू नका. आणि ज्यांना दिसत नाही त्यांनी ते घरच्यांना सांगावं. दिवा लावा, काठी द्या, हात धरा. लाज वाटण्यासारखं यात काही नाही. तुमचंही रक्त लागेल, दादा. हा दोष आईबापांकडून, दोघांकडूनही येतो."

रावजी ताडकन उठले. "माझ्यात खोट? मॅडम, मी राती ट्रॅक्टर चालवतो. पहाटेच्या अंधारात कांदा मार्केटला नेतो. बायकांच्या आजारात मला ओढू नका!"

"तुम्हाला दिसतं, तरी दोष तुमच्यात लपलेला असू शकतो."

रावजी बाहेर आले. दारावरच्या पाटीवरचं आडनाव त्यांनी वाचलं आणि मोहिनीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पगारे! आता ही आपल्याला सोयरिकी शिकवणार!"

मोहिनीने रिक्षातूनच बहिणीला फोन लावला. "ताई, दाजींना सांग. आजच सांग. डॉक्टर म्हणतात, सांगायलाच पाहिजे."

"सांगू का गं?" आशाचा आवाज एकदम हलका झाला. "मला किती दिवसांपासून सांगायचंय. ते चांगले आहेत, मोहिनी. ते नाही टाकणार मला."

रावजींनी फोन हिसकावला. "आशे, तोंड उघडलंस तर धाकटी जन्मभर माझ्या उरावर राहील. तू सुखात हायेस, तर तिचं वाटोळं करू नको."

 आशा म्हणाली, "बरं, बाबा."

आशा बोलली नाही. जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती. त्या संध्याकाळी अमित रोपं आणायला गेला होता. शेततळ्यावरची मोटार चालू राहिली होती आणि विमलाबाईचे हात पिठात होते. "जाय व माय, मोटर बंद करी ये," तिने सुनेला हाक मारली. डोकं दुखतंय हे कारण आशाने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, उपासही त्या आठवड्यात करून झाला होता. ती निघाली. तळ्याच्या काठाला प्लास्टिकचा कागद असतो, ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. दिसणारा माणूस तिथून लांबून जातो. विमलाबाईने थोड्या वेळाने हाक मारली, पुन्हा मारली, मग हाताचं पीठ तसंच घेऊन ती धावली.

लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, म्हणून पोलीस आले. अंत्यसंस्कार झाल्यावर त्यांनी रावजींना विचारलं, "तुमचा कुणावर संशय आहे का?"

रावजींना खरं ठाऊक होतं. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. माझ्या लेकीला अंधारात दिसत नव्हतं, असं ते म्हणू शकत होते. त्यांनी तसं म्हटलं नाही. "सासू गाडीसाठी छळत होती. तिनंच ढकललं असंल," असं ते म्हणाले आणि कागदावर सही केली.  घराचं नाव राहावं म्हणून या माणसाने स्वतःच्या मेलेल्या लेकीला हत्यार केलं आणि तिच्यासाठी धाय मोकलून रडणाऱ्या बाईवर ते चालवलं. विमलाबाई आणि अमित यांना ठाण्यात नेऊन बसवलं. गावातून जाताना बायका विमलाबाईवर थुंकल्या.

वस्तीवर परतल्यावर रावजींनी चहा मागितला. "दहावं झालं की मोहिनीचं उरकून टाकू," ते कुसाबाईला म्हणाले. "माझ्या बहिणीच्या राकेशची बायकोपासून सोडचिठ्ठी झालीय. घरातल्या घरात. कुणी विचारायचं नाय."

मोहिनीने चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. "मी चाललेय, बाबा."

"कुठं?"

"पोलीस ठाण्यात. ताईला दिसत नव्हतं, हे सांगायला."

"तंगडं मोडीन!"

"मोडा. मग खुरडत जाईन."

रावजी उठले. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कुसाबाई त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली. बाहेर अंधार पडला होता. ती चाचपत लेकीजवळ आली आणि तिचा दंड धरला. "मलाबी ने. मला कायबी दिसत नाय ते त्यांना दाखव. आन् मीच तिला गप राहायला शिकवलं, तेबी सांग."

ठाण्यातल्या बाकावर विमलाबाई बसली होती. मोहिनीने सगळं सांगितलं, डॉक्टर पगाऱ्यांचा फोन नंबरही दिला. अमित भिंतीला टेकून ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो नुसता म्हणाला, "एवढंच होतं? मग मी तळ्यापर्यंत दिवे लावले असते. मोटार मीच बंद केली असती रोज." 

विमलाबाई कुसाबाईकडे बघत राहिली. ती ओरडली नाही. म्हणाली, "मी तिला कोंबडी म्हणायची, बाई. तुम्ही मला हसू दिलंत."



पोलिसांनी विमलाबाई आणि अमितला सोडलं. रावजींनी बायको आणि मुलीशी संबंध तोडले. भाऊबंद त्यांच्या बाजूने गेले. मोहिनीने आणि कुसाबाईने संशोधनासाठी रक्त दिलं. डॉक्टर पगारे अजून रावजींना निरोप पाठवतात. रावजी जात नाहीत. त्यांच्या भाऊबंदांत गेल्या उन्हाळ्यातही लग्न लागलं, दुपारीच. नवऱ्याकडचे लोक घाम पुसत म्हणाले, काय वळण आहे पोरींना. त्या मांडवात जेवलेल्या कित्येकांना खरं माहीत होतं. ते जेवले, हात धुतले आणि घरी गेले.

मोहिनी लग्नासाठी आलेल्या प्रत्येक स्थळाला पहिल्याच भेटीत आपल्या डोळ्यांबद्दल सांगते. बरीच स्थळं परत जातात. ती सांगायचं थांबवत नाही.

आशा देवळ्याजवळच्या शेततळ्यात बुडून वारली, मंगळवारी, ९ जानेवारी २०२४ रोजी, दिवेलागणीला.