वाडग्याचा तळ

टक्, टक्, टक्.

मित्रांनो, दाढीचा ब्रश वाडग्याच्या काठावर आपटला की असा आवाज होतो. हा आवाज सकाळचा. त्या दिवशी मात्र तो भर दुपारी झाला, घर चिडीचूप असताना.

मी एक जुना दाढीचा साबण आहे. मोठ्या कढईत उकळून मला गोल साच्यात ओतलं, फळीवर वाळवलं. पुढे तो कारखानाच बंद पडला. आजोबांनी दुकानात उरलेसुरले साबण उचलून आणले. त्यांतला मी शेवटचा.

आजोबा घड्याळं दुरुस्त करणारे, त्यांचं सगळं कसं बेतानं. ओला ब्रश माझ्यावर गोलगोल फिरवायचा, फेस सायीसारखा दाट करायचा, काठावर टकटक, मग वस्तरा. नात शेजारी उभी राहून बघायची.

"आजोबा, मलापण दाढी!"

"आधी मिशी तर फुटू दे, ठमे!" म्हणत ते तिच्या नाकाच्या शेंड्यावर फेसाचा ठिपका ठेवायचे. ते माझे सुखाचे दिवस.

मग मी भराभर झिजू लागलो. आजोबा दाढी करून जात आणि थोड्या वेळानं गाल चाचपत परत येत. गुळगुळीत गालांवर पुन्हा फेस. कधी तिसऱ्यांदाही. घरातल्या मोठ्यांना याचा पत्ता नव्हता. मला ठाऊक होतं, पण मला कुठलं आलंय तोंड?

एकदा ठमीच्या आईला वाडग्याचा तळ दिसला.

"ठमे, साबणाशी खेळतेस ना?"

"मी नाही गं, आई."

"खोटारडी! मग काय साबणाला पाय फुटले?"

पोर रडून रडून झोपली.

आणि मग ती दुपार. आजोबांनी स्वतःच्या गालांना फेस लावला आणि ठमीला स्टुलावर बसवलं. "ये रे बाळा. नोकरीचा पहिला दिवस, आणि असा जाणार होय?"

समोर ठमी होती, पण ते आपल्या मुलाशी, ठमीच्या बाबांशी बोलत होते. ठमीला तो खेळ वाटला. ती खुदकन हसली. गालांपासून गळ्यापर्यंत मी तिच्या अंगाला लागलो. टक्, टक्, टक्. वस्तरा उघडला.

"मान वर. हलायचं नाही हं."

मित्रांनो, आजोबांचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता. मला भीती वाटली ती त्याचीच.

आत ठमीच्या धाकट्या भावाला थोपटणाऱ्या आईनं टकटक ऐकली. "पुन्हा साबण! थांब, बघतेच तुला," म्हणत ती तणतणत आली आणि दारातच थिजली. पण ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, "बाबा, द्या इकडे. धार गेलीय त्याची, लावून आणते."

आजोबांनी वस्तरा तिच्या हातात दिला. "उपकार झाले, बाई. आपण कुणाकडच्या?"

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू भराभर सरू लागली, तर लगेच लहानांवर डोळे वटारले जातात. म्हाताऱ्या माणसाकडे कुणी वळूनही बघत नाही. तुम्ही बघा. मी आता नखाएवढा उरलोय. एवढंच सांगायचं होतं.

आईनं टॉवेलानं ठमीचा गळा पुसला, पुन्हापुन्हा पुसला. ओरखडासुद्धा नव्हता. मग तिची नजर आजोबांच्या फेसाळलेल्या गालांवर गेली, तिथून माझ्यावर.

"सकाळीच तर दाढी केली होती यांनी," ती पुटपुटली.

"रोजच करतात गं पुन्हा," ठमी म्हणाली. "मी तुला म्हटलं होतं ना, मी नाही? मग तू मला खोटारडी का म्हणालीस?"