डिलक्स एडिशनमध्ये टाकू

राजीवकाकांच्या अमेरिकेतल्या, पार्सिपनीच्या घरात देवघर वरच्या मजल्यावर आहे आणि 'कोल बार्ज' तळघरात. सोवळं तळघरात जास्त आहे.

'कोल बार्ज' म्हणजे साठच्या दशकातला इंग्लंडचा ब्लूज-रॉक बँड. मिसिसिपीतल्या काळ्या गायकांची गाणी चार गोऱ्या पोरांनी दुप्पट आवाजात वाजवली आणि जग जिंकलं. काकांकडे त्यांचं सगळं आहे. सगळं म्हणजे मूळ एलपी, त्याच एलपीची जपानी आवृत्ती, मग सीडी, मग रीमास्टर, मग रीमास्टरने आवाजाची वाट लावली म्हणून मूळ मिक्सची पुन्हा एलपी. शिवाय पाटा-वरवंट्याच्या वजनाचा एक बॉक्स सेट. त्यात स्टुडिओत फसलेले टेक आहेत. एका टेकमध्ये ड्रमर खोकतो आणि गाणं थांबतं. तो खोकला अधिकृत आहे. त्याला स्वतंत्र ट्रॅक नंबर आहे. काका तो पाहुण्यांना ऐकवतात. "आत्ता येईल हं... आला!" पाहुणे मान डोलावतात. दुसरं काय करणार, वर जेवण व्हायचं असतं.

त्या रविवारी दुपारी आम्ही जमलो होतो ते मात्र आमचं स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायला. आमच्या बँडचं नाव 'तळघर'. टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेले काका गातात आणि गिटार वाजवतात. विवेक आठवडाभर बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि वीकेंडला ड्रम. मिक्सिंगही तोच करतो. मी हार्मोनिका वाजवतो. पाच गाणी झाली होती आणि संध्याकाळी ती इंटरनेटवर चढायची होती. चार कोल बार्जची. ती वाजवण्याचा परवाना काकांनी रीतसर पैसे भरून घेतला होता, कारण दुसऱ्याची गाणी फुकट घेणं त्यांना पटत नाही. पाचवं गाणं माझ्या वडिलांचं.

माझे वडील राजाराम नागपूरला असतात, पूर्वी गिरणीत होते. रात्रपाळी करून आल्यावर गाणी लिहायचे आणि भीमजयंतीला वस्तीत गायचे. त्यांचं एकही रेकॉर्डिंग नाही. खोकलासुद्धा नाही. आमच्याकडे गाणाऱ्याची सही गाण्यातच असते. शेवटच्या कडव्यात तो आपलं नाव गुंफतो. कव्हर नाही, लेबल नाही, तेवढं एक कडवं. सरावाच्या वेळी एकदा मी हे गाणं सहज गुणगुणलो तर काका गिटार खाली ठेवून म्हणाले, "अरे, हा तर इंडियन ब्लूज आहे!" मी हरखलो. चारही कडवी लिहून दिली.

ऐकण्याआधी काकांनी प्रथेप्रमाणे हात धुतले आणि कोल बार्जचा दुसरा अल्बम लावला.

"हे गाणं कोणाचं?" त्यांनी विचारलं. उत्तर आम्हाला पाठ होतं, पण विचारण्याचा मान त्यांचा. "इझाया बूथचं! मिसिसिपीचा मजूर. आणि पहिल्या कव्हरवर काय छापलंय? ट्रॅडिशनल! माणसाचं नाव खाल्लं रे. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या तेव्हा कुठे बॉक्स सेटवर त्याचं नाव आलं. तोवर तो मेला." काकांचे डोळे खरंच भरून आले. मी टिश्यूचा बॉक्स पुढे केला.

मग आमची गाणी. पाचवं सुरू झालं. 'भोंगा झाला, ऊठ गं माय' काकांनी फार छान गायलं होतं, हे मान्य करायला हवं. तीन कडवी झाली, माझी हार्मोनिका झाली. आता हे यायचं होतं:

*भोंग्याआधी उठे पोर, हाती पाटी-पेन्सिल,*
*भीमरायाच्या वाटेनं गिरणीला ओलांडील,*
*राजाराम म्हणे माय, आता भोंगा कोण ऐकील?*

ते आलं नाही. हार्मोनिका हळूहळू बारीक होत विझली. विवेकने स्क्रीन आमच्याकडे वळवली. गीत-संगीत: पारंपरिक.

"काका, हे पारंपरिक काय आहे?"

"फोक रे. वऱ्हाडी फोक. मातीतलं."

"त्यात गिरणीचा भोंगा आहे. मातीत भोंगा कुठून उगवला?"

"यार अनुप, तिथे काहीतरी भरावंच लागतं," विवेक म्हणाला. "रिकामं सोडलं तर साइट पुढे जाऊ देत नाही."

"मग राजाराम भर."

"असं बघ," काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "लोकगीत म्हणजे लोकांचं. ते कोण्या एकाचं नसतं."

"हे एकाचंच आहे. बाबांनी लिहिलं तेव्हा लोक झोपले होते."

"पण कुठे रेकॉर्ड झालंय का? काही पुरावा?"

"शेवटच्या कडव्यात नाव आहे ना. तेच तर कापलंत."

"ते लांबीसाठी, यार," विवेक म्हणाला. "साडेतीन मिनिटांच्या वर कोणी ऐकत नाही."

समोर भिंतीवर कोल बार्जचा लाइव्ह अल्बम फ्रेम करून लावला होता. त्यातलं एक गाणं एलपीची अख्खी बाजू खातं. मी नुसतं तिकडे बोट दाखवलं.

"ते कोल बार्ज आहेत रे," काका म्हणाले.

तेवढ्यात सुचित्राकाकू वड्यांचं ताट घेऊन जिना उतरल्या. पाठोपाठ चटणी घेऊन माझी बायको संघमित्रा. काकूंनी सगळं ऐकलं होतं. तळघराला दार नाही.

"अहो, लिहून टाका की त्याच्या बाबांचं नाव. शाई संपतेय का तुमची?"

"तू थांब गं. यात टेक्निकल गोष्टी असतात." काकांनी एक वडा उचलला, विचार केला आणि तोडगा काढला. "कडवं आपण डिलक्स एडिशनमध्ये टाकू. बोनस ट्रॅक! आणि बाबांचं नाव स्पेशल थँक्समध्ये. विवेक, आहे ना जागा?"

"आहे. मायलोच्या खाली."

मायलो हा विवेकचा कुत्रा. रेकॉर्डिंगच्या वेळी तो भुंकला नाही म्हणून त्याचे आभार मानले होते.

"मग गाणं काढा," मी म्हणालो.

"अरे, असं काय करतोस? चिडतोस कशाला?"

"चिडलो नाही. काढा."

विवेकने काढलं. एक क्लिक लागली. "चार गाण्यांत धड छोटा अल्बमपण वाटत नाही, यार," एवढंच तो म्हणाला. वडे उत्तम झाले होते, पण कोणी तसं बोललं नाही.

गाडी रूट ४६ ला लागली. संघमित्रा म्हणाली, "बरं केलंस."

"लांबीचं कारण देतात. साडेतीन मिनिटं म्हणे."

"लांबी," ती नुसती हसत म्हणाली. मग, "बाबांना विचारलं होतंस, काढू का म्हणून?"

नव्हतं विचारलं. घरी पोचल्यावर जेवून फोन लावला. नागपुरात सकाळ झाली होती. बाबा चहा पीत होते. मी सगळं सविस्तर सांगितलं, आवाजात योग्य तेवढा अभिमान ठेवून.

"काढलं?" बाबा म्हणाले. "काहून?"

"तुमचं नाव नव्हतं, बाबा."

"पण गाणं तर होतं ना? अमेरिकेत वाजलं असतं. मी इथं विहारात सगळ्याइले सांगून बसलो, येत्या रविवारी मोबाइलवर ऐकवतो म्हणून. आता काय ऐकवू, तुहा स्वाभिमान?"

हा प्रश्न मी तळघरात विचारात घेतला नव्हता.

"कापलं कोणतं कडवं?"

"शेवटचं. लांबी जास्त होत होती."

"मंग बाकीचे कापा म्हणा ना! दुसरं अन् तिसरं मी भरतीले घातलं होतं. त्या साली गायनाच्या स्पर्धेत चार कडव्यांची अट होती. फालतू हायेत दोन्ही."

"तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"त्या दोघांचं? मले लिहितानाच वाटलं होतं."

मी लगेच राजीवकाकांना फोन लावला. दिवसभरात पहिल्यांदाच मला हलकं वाटत होतं. टेक्निकल अडचण होती, तिला टेक्निकल उत्तर मिळालं होतं, तेही खुद्द गीतकाराकडून.

"काका, लांबीचा प्रश्न सुटला! मधली दोन कडवी काढा, शेवटचं ठेवा. उलट एक मिनिट वाचतंय. गाणं आजच चढवू."

फोनवर मागे कोल बार्ज चालू होतं. काकांनी ते बारीक केलं.

"शेवटच्यात ते... भीमराया आहे ना रे?"

"आहे."

"नाही, मला काही नाही. मला तू ओळखतोस. पण आपल्याला ते मराठी मंडळाच्या कार्यक्रमात वाजवायचंय. तिथे सगळ्या प्रकारची माणसं असतात. उगाच पॉलिटिकल होतं."

"कोल बार्जच्या तिसऱ्या अल्बमवर कोळसा खाणीच्या संपावर अख्खं गाणं आहे, काका. गेल्या वर्षी तुम्ही ते मंडळात गायलात. वन्स मोअर मिळाला."

"ते इंग्लंडमधलं आहे रे."

मग काकांनीच सुटका केली. "आपण असं करू. मी एकट्याने कशाला ठरवू? बँडला विचारतो."

"काका, बँड म्हणजे तुम्ही, विवेक आणि मी."

"हो ना," काका म्हणाले, "पण तुझं मत आम्हाला माहीतच आहे रे."