भोंग्याने तोंड मिटलं

तुकडीत मला सगळे भोंगा म्हणत. नदीवर लोखंडी पूल जोडायचं आमचं काम. एकेक चौकट सहा जणांनी उचलायची आणि ‘उचला’, ‘थांबा’, ‘टेका’ ही हाक एकानेच द्यायची. हवालदार होतो तोवर तो एक म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, माझ्या आवाजाने समोरच्या काठावरचे बगळे उडायचे.

मग परीक्षा दिली, पास झालो आणि लेफ्टनंट होऊन त्याच तुकडीवर परत आलो. हाक आता तात्याकडे गेली होती. वयाने माझ्याहून लहान, पण चेहरा जन्मापासूनच पोक्त, म्हणून तो तात्या. एका ताटात जेवलेले आम्ही. आवाज मात्र असा, की शेजारच्याने विचारावं, “काही म्हणालास का?”

आता सांगा, माझ्यासारख्याने गप्प बसायचं कसं? पहिल्याच दिवशी मी चिखलात उतरलो. “अरे डावीकडच्या, पाय रोव! जेवला नाहीस का?” पोरं हसली. साहेब झाला तरी आपला राहिला, म्हणाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग जो तो काहीही विचारायला माझ्याकडेच यायला लागला, आणि तात्या बाजूला उभा राहून हातमोजे झटकत राहायचा.

एका सकाळी व्हायचं ते झालं. चौकट कमरेच्या वर होती. तात्या म्हणाला, “थांबा.” त्याच क्षणी मी मागून गरजलो, “टेका!” तिघांनी त्याचं ऐकलं, तिघांनी माझं. चौकट कलली आणि एका जवानाचं बोट खाली सापडलं. नशीब, नखावर निभावलं.

दुपारी तात्या माझ्या खोलीत आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

“साहेब, मला दुसऱ्या तुकडीत पाठवा.”

“वेडा झालास काय रे?”

“हाक माझी आणि पोरं बघतात तुमच्याकडे. मग मी तिथे कशाला, शोभेला? आज नख गेलं, उद्या हात जाईल.” दाराकडे वळत म्हणाला, “उद्याचा पूल घालून देतो. मग सोडा मला.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, काल हवालदार झालेला हा मला शिकवतो! घरी येऊन बायकोपुढे सगळं ओकलो. घसा बसला होता, म्हणून ती मिठाचं कोमट पाणी घेऊन उभी होती.

“सुनेच्या हातातला झारा काढून घेणारी सासू झालात की हो तुम्ही,” ती म्हणाली. “गुळण्या करा आता.”

जिव्हारी लागलं. रागावायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना.

दुसऱ्या दिवशी मी काठावरच्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिलो. पूर्वी आमचे साहेब तिथे उभे राहायचे, तेव्हा मी म्हणायचो, बघा, वारा खातायत! खाली तात्याने काम सुरू केलं. बोटाला पट्टी बांधलेल्या जवानाची पकड चुकली होती. मला इथून दिसत होतं. जीभ नुसती शिवशिवत होती. त्याने चौकट धरल्या धरल्या मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाठ फिरवली.

फार अवघड गेलं ते. मग तात्याचा तो बारीक आवाज, “पट्टीवाल्या, हात खाली घे. हं. उचला.” आणि तो ऐकू यावा म्हणून सगळे श्वास धरून गप्प होते. चौकट अलगद उठली.

पाठ फिरवली होती म्हणूनच माझं लक्ष नदीच्या वरच्या अंगाला गेलं. पाण्याचा रंग बदलला होता. ओंडके वाहत येत होते. खालून, पोरांच्या खांद्यांमधून, हे कुणाला दिसणार? हवालदार असताना मलाही कधी दिसलं नव्हतं. भोंगा गळ्यापर्यंत आला. पाणी अजून लांब होतं. मी तो गिळला, उतरून गेलो आणि तात्याच्या कानाशी म्हणालो, “वरून लोंढा येतोय. जोडलेलं मागे घ्यायचं. कसं ते तू बघ.”

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पोरांकडे वळला. “थांबा.” सहाच्या सहा जण थांबले. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी परत उंचवट्यावर जाऊन उभा राहिलो.

लोंढा आला तेव्हा सगळं लोखंड काठावर होतं. पाणी नुसतंच निघून गेलं.

हातमोजे काढत तात्या वर आला. मी म्हणालो, “तुझ्या बदलीचं सांगतो वर.”

“पूल कुठे झालाय अजून, साहेब?” तो नदीकडे बघत म्हणाला. “उद्या परत घालायचाय. तुम्ही इथेच उभे राहा.”

घरी बायको कोमट पाणी घेऊन दारातच होती.

“आज नको,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच केवढा मोठा वाटला.