एकशेआठातला एक

माझं कामच चूक पकडायचं. तळेगावजवळ नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. पार्ट हातात आला की ओके नाहीतर रिजेक्ट, मधलं काही नाही. बारा वर्षं हेच केल्यामुळे घरातसुद्धा माझी नजर तशीच फिरते, असं माझी बायको सविता म्हणते. तिचं म्हणणं मी फारसं मनावर घेत नसे.

त्या डिसेंबरात मला माझ्या वडिलांना तपासायचं होतं.

आबा, म्हणजे कोंडाजी, वय चौऱ्याहत्तर, लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या घरात एकटेच राहायचे. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. दिवाळीपासून आबांचं काहीतरी बिनसलं. एकदा दूध गॅसवर ठेवून शेतावर निघून गेले, पातेल्याचा कोळसा झाला. एकदा सविताला त्यांनी 'कस्तुरा' म्हणून हाक मारली. कस्तुरा माझी आई. आणि एकदा तर फाट्यावर दीड तास उभे राहिले, लोणावळ्याच्या सकाळच्या एसटीची वाट बघत. ती एसटी बंद होऊन चार वर्षं झालीत. डॉक्टर म्हणाले, "वयोमानानं होतं, लक्ष ठेवा." लक्ष ठेवायचं म्हणजे त्यांना आमच्या तळेगावच्या दोन खोल्यांत आणायचं. घराला कुलूप, गाय चुलत्यांच्या दावणीला. मी विचारल्यावर आबा म्हणाले, "न्हाई." आणि गाईला वैरण टाकायला उठले.

मला मात्र काही ठरवता येईना. आज वाटायचं, म्हातारा ठणठणीत आहे, उगाच कशाला हलवा. उद्या पुन्हा ते पातेलं आठवायचं. पार्ट असता तर मापाचं गेज लावून मोकळा झालो असतो. माणसाला लावायचं गेज कुठं मिळतं?

ते प्रदीपनं आणून दिलं. प्रदीप माझा वर्गमित्र. कार्ल्याला त्याचं कृषी पर्यटन आहे, पुण्याची माणसं शनिवार-रविवारी येऊन पिठलं-भाकरी खाऊन जातात. त्याचा फोन आला. "एकवीस तारखेला एकशेआठ सूर्यनमस्कार ठेवलेत. वर्षातला सगळ्यात छोटा दिवस म्हणून. योगावाल्या मॅडम म्हणतात, आकडा गावातल्या ज्येष्ठ माणसानं पुकारावा. तुझ्या आबांचा आवाज लय मोठा. घेऊन ये."

आवाजाचं खरं होतं. आबा रोज पहाटे बारा नमस्कार घालायचे, ते मोठ्यानं मोजत. शिवाय एके काळी गावातल्या कुणाच्याही खळ्यावर भात मोजायला त्यांनाच बोलवायचे. मी ते ऐकलंय, फारसं पाहिलं नाही. पाचवीपासून मी तळेगावला मावशीकडे शिकायला होतो.

फोन ठेवताना माझ्या डोक्यात आलं, हीच परीक्षा. एकशेआठपर्यंत न चुकता मोजलं, तर आबा औंढ्यात राहतील. चुकले, तर तळेगाव. सविताला सांगितलं तर ती म्हणाली, "बापाची परीक्षा घेतं का कुनी?" मी म्हणालो, "मग तू ठरव." ती उठून आत गेली. ड्रॉवरमधून मी माझा हातातला काउंटर काढला. बटण दाबलं की एक आकडा पुढं जातो, पार्ट मोजायचा असतो तो.

एकवीसला, रविवारी, आबा आणि मी अंधारातच मोटरसायकलवरून कार्ल्याला पोहोचलो. गारठा मरणाचा. प्रदीपनं पाहुण्यांना दाखवायला म्हणून एक खळंच तयार केलं होतं. गोल, शेणानं सारवलेलं, मधोमध खांब. त्या खळ्यावर तीसेक रंगीत मॅट पसरलेल्या आणि त्यांवर पुण्याची माणसं, डोक्याला टोप्या, पायांत मोजे. आबा बघतच राहिले.

"भात कुटंय?" त्यांनी विचारलं.

मी खिशातला काउंटर चाचपला. प्रदीप हसला. "भात न्हाई आबा, मान्सं हायेत. मान्सं मोजायची."

योगावाल्या तेजल मॅडम पुढं आल्या. बाई गोड होत्या. त्यांनी आबांना वाकून नमस्कार केला आणि समजावून सांगितलं, की आजपासून सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो, उत्तरायण सुरू होतं.

"उत्तरायन संक्रांतीला," आबा म्हणाले. "अजून तीन आठवडं हायेत."

"खरं उत्तरायण आजचंच, आबा. पंचांगातलं थोडं मागे पडलंय."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजे इतकी वर्सं आपुन तिळगूळ उशिरा वाटला?"

 हे चूक धरायचं की बरोबर, ते मला कळेना. परीक्षा सुरू व्हायच्या आधीच परीक्षकाचा गोंधळ. त्यात मॅटवर वेगळाच वाद पेटलेला. उजवा पाय मागं नेला की एक नमस्कार, का उजवा आणि डावा मिळून एक? एक काका म्हणाले, मिळूनच एक, शास्त्र तेच सांगतं. त्यांच्या बायकोनं हिशेब केला, तसं धरलं तर नाश्ता अकराला. लगेच सगळ्यांना एका पायाचं शास्त्र पटलं.

डोंगराच्या कडेला तांबडं फुटलं. आबांनी टोपी सारखी केली, खळ्याच्या खांबावर हात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लाभ!"

सगळे थबकले. मग तेजल मॅडमनी हात जोडले आणि म्हणाल्या, "लाभ." तीसच्या तीस माणसं म्हणाली, "लाभ!" आणि वाकली. मला वाटलं, पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहितात तसं काहीतरी असेल. काउंटरच्या बटणावर अंगठा ठेवून मी 'एक' कधी येतो त्याची वाट बघत होतो. माणसं जमिनीला टेकली, उठली, हात जोडून उभी राहिली.

"दोन!" आबा म्हणाले.

मी बटण दाबलं. काउंटरवर एक, आबांच्या तोंडी दोन.

 शंभराच्या घरात माणूस चुकेल, साठ-सत्तरात अडखळेल, ते मी समजू शकलो असतो. एक कसा विसरतो माणूस? जिथून सुरुवात करायची तेच हरवलं, तर मग राहिलं काय? आबा आपले पुकारत होते. तीन. चार. पाच. प्रत्येक आकड्याला मी बटण दाबत होतो आणि प्रत्येक वेळी एकानं मागं पडत होतो.

खरं सांगायचं तर पुढं आबा कुठंच चुकले नाहीत. एकसष्टला ठसका लागला. प्रदीपनं पाणी दिलं, पाणी पिऊन तांब्या परत देत ते म्हणाले, "बासष्ट." सूर्य वर आला, दव वाळलं, अर्धी माणसं मॅटवर आडवी झाली, तरी आवाज तसाच. मी मात्र दोनलाच अडकून पडलो होतो. त्यांनी आणखी कुठं चुकू नये असंही वाटत होतं, आणि चुकले तर बरं, म्हणजे एकदाचा निकाल लागेल, असंही वाटत होतं. हे दुसरं लिहिताना आजही मला वाईट वाटतं.

"एकशेआठ!" आबांनी खांबावरचा हात काढला.

टाळ्या सुरू झाल्या तेवढ्यात ते शास्त्रवाले काका घड्याळ दाखवत म्हणाले, "माझ्यात एकशेबारा आहेत." कुणाच्या मोबाइलमध्ये एकशेचार होते. एका मुलीनं तर त्र्याण्णव सांगितले, ती मधे बरीच झोपली होती. तेजल मॅडम एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. "नक्की किती झाले?" त्या म्हणाल्या. "एकशेआठच व्हायला हवेत हो."

आणि मी तोंड उघडलं. "एकशेसात," मी म्हणालो आणि काउंटर वर धरला. "एक कमी आहे."

यंत्र बघितल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. "चला, एक घेऊ या," मॅडम म्हणाल्या. कण्हत-कुंथत माणसं उठली आणि वाकली. हा नमस्कार कुणी पुकारला नाही. आबा खांबापाशी उभे होते. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि माझ्या हातातल्या त्या काउंटरकडे बघत राहिले.

 येताना गाडीवर वाकसईच्या पुढं मागून आबांचा आवाज आला. "आदिनाथ, कुटं चुकलो मी?"

"पयलाच इसरला तुमी. एक."

"एक?"

"व्हय. एकदम दोन म्हनला."

"म्हनलो की मी पयला. चांगला मोठ्यानं म्हनलो."

"न्हाई म्हनला, आबा. मी मोजत व्हतो."

माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जरा घट्ट झाला. औंढ्याला उतरल्यावर ते म्हणाले, "एक इसरलो म्हंजे लयच झालं. तू म्हन्तोस तर येतो तळेगावला." इतकंच. भांडले असते तर बरं झालं असतं. मी जिंकलो होतो म्हणायचं, पण जिंकल्यासारखं काही वाटेना. रात्री सवितानं विचारलं, "झाली परीक्षा?" मी म्हणालो, "नापास." तिनं जेवणाचं ताट माझ्यासमोर जरा जोरातच ठेवलं.

पुढच्या रविवारी आम्ही आबांना न्यायला गेलो. त्यांची बॅग भरून ओट्यावर ठेवलेली होती. गाय शनिवारीच चुलत्यांकडे गेली होती. सविता भांडी बांधत होती. आबा पडवीत तांदळाच्या कणगीपाशी बसले होते, हातात त्यांची जुनी लाकडी पायली, मांडीशी रिकामं पोतं. "घरचं इंद्रायनी हाय," ते म्हणाले. "तितं इकत कशाला घ्यायचं? धा पायल्या नेऊ."

मी पोत्याचं तोंड धरून समोर बसलो. त्यांनी पायली भरली, वरून हात फिरवला, पोत्यात ओतली आणि सवयीनं म्हणाले, "लाभ."

म्हणाले आणि थांबले. त्यांनी चोरट्या नजरेनं माझ्याकडे बघितलं, पाढा चुकल्यावर मास्तरांकडे बघतात तसं.

"न्हाई, न्हाई. एक," ते घाईघाईनं म्हणाले. "एक म्हनायचं. परवा बी तसंच झालं आसंल. खळं बघितलं आन त्वांडात लाभच आलं. कुटं काय म्हनायचं ते बी कळंना झालंय मला." आणि हलक्या आवाजात त्यांनी पुन्हा घोकलं, "एक. एक."

सविता दारात येऊन उभी राहिली होती. "आबा, लाभच म्हना की," ती म्हणाली. "धान्याला एक कोन म्हन्तं? आमच्याकडं बी पयल्या मापाला लाभच म्हन्त्यात." मग ती माझ्याकडे वळली. "तुमास्नी ठावं न्हाई?"

ठावं होतं. त्याच क्षणी आठवलं, सगळंच आठवलं. मी पाच-सहा वर्षांचा, खळ्यावर आबांच्या मांडीला टेकून बसलेला, आणि वरून पडणारा तो आवाज, लाभ, दोन, तीन. मी विचारलंही होतं, एक कुठं गेला? आबा म्हणाले होते, "घरात येनारं पयलं माप लाभाचं. त्याला एक म्हनलं तर ते एकटं पडतं." एकवीस तारखेला खळ्यावर उभं राहून त्यांनी पहिला नमस्कार बरोबर मोजला होता. शेवटचाही बरोबर. विसरलो होतो मी. तीस माणसांपुढं यंत्र वर धरून मी माझ्या बापाला खोटं पाडलं होतं, आणि त्यांनी ते खरं मानून आपली गाय देऊन टाकली होती.

मला माझी लाज वाटली.  पातेलं जळलं होतं हे खरंच होतं, एसटीची वाट बघितली हेही खरं होतं. उद्या काय होईल ते मला आजही सांगता येत नाही. पण ही चूक त्यांची नव्हती, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय मला त्या पडवीतून उठता येणार नव्हतं.

मी पोतं उचललं आणि त्यातले तांदूळ पुन्हा कणगीत ओतले.

"आरं, काय करतूस?" आबा म्हणाले.

"कुटं जायचं न्हाई तुमी. गाय आनतो मी सांजच्याला. आमीच येत जाऊ दर आठवड्याला, तांदूळ न्यायला." मी त्यांच्या हातातली पायली घेतली. सवय नव्हती, थोडे दाणे बाहेर सांडले. भरली, वरून हात फिरवला, पोत्यात ओतली आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "लाभ."

आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.  मला भीती वाटली, की आता हे पुढचं विसरले. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "दोन."