चार बोटांची फट

झाडघर बांधताना बुंध्याभोवती चार बोटं जागा सोडायची, हे करवतीला तिच्या बापाने शिकवलं होतं. करवत म्हणजे जंगलात पाहुण्यांसाठी बांधलेल्या अकरा झाडघरांची सुतारीण. जाता-येता दोन्हीकडून कापते म्हणून सगळे तिला करवत म्हणत, आणि तीही त्याच नावाला ओ देई. बोटं नेमकी कुणाची, हा वाद नको म्हणून बापाने स्वतःच्या चार बोटांच्या रुंदीचा लाकडी ठोकळाच करून ठेवला होता. बाप गेला, बोटं पिशवीत राहिली.

"आपण झाडाच्या कडेवर बसलेलो," तो म्हणायचा. "कडेवरच्या पोरानं गळा आवळू नये."

वर्षभरापूर्वी शहरातल्या हॉटेलातून नवे मॅनेजरसाहेब आले आणि त्यांनी स्वागतकक्षात पाटी लावली: 'पाहुण्यांची तक्रार चोवीस तासांत दूर होईल. शेवटची तक्रार अंतिम.' पाटीचा परिणाम व्हायचा तोच झाला. पक्षी फार लवकर उठतात, अशी तक्रार आली तेव्हा माळीबुवांना आठवडाभर पहाटे झाडाखाली उभं राहून पक्ष्यांना 'शू' करावं लागलं. माहितीपत्रकात 'स्थानिक संस्कृतीचा सहवास' छापला होता, पण तो कुठे दिसत नाही, अशीही तक्रार आली. मग स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींना चहा देताना डोक्याला उशीतली पिसं खोचायला लावली. मावशींची संस्कृती तोवर शब्दकोडं सोडवणं आणि सुनेला टोमणे मारणं एवढीच होती.

मग चार नंबरच्या झाडघरातल्या पाहुण्याने लिहिलं की बुंध्याजवळच्या फटीतून एक खार आत आली, तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नापसंत करून निघून गेली.

साहेबांनी फट बुजवायचा हुकूम काढला. करवतीने नाही म्हटलं. झाड वाढतं, वाऱ्यात डुलतं. जमिनीची फळी बुंध्याला टेकवली तर एक तर फळी झाडाला कापेल नाहीतर झाड फळीला फोडेल, आणि दोन्हीकडून खाली येईल तो पाहुणाच, असं तिने शांतपणे समजावलं. खाली येणाऱ्याचं नंतर बघू, सध्या वर येणाऱ्या खारीचं बोला, असं साहेब म्हणाले. तिने बोलायचं ते बोलून घेतलं. संध्याकाळी तिची नोकरी गेली आणि शहरातल्या एका सुताराला निरोप गेला.

आता जुन्या मालकांनी एक सोय करून ठेवली होती. दहा वर्षं नोकरी झालेल्याला एका मुक्कामाचं कुपन मिळे. त्यावर नाव नसे, कारण मालकांना कुणाचीच नावं आठवत नसत. ते आजवर कुणी वापरलं नव्हतं. ज्या चादरी आपणच धुतो त्यांच्यावर हौसेने झोपायला कोण जातं?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला करवत कुपन घेऊन स्वागतकक्षात उभी राहिली आणि तिने चार नंबर मागितला. साहेबांनी कुपन उलटंसुलटं केलं, उजेडात धरून पाहिलं आणि शेवटी पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू काढलं. मावशी पिसं हलवत सरबत घेऊन आल्या.

"मावशी, डोक्यावर काय?"

"संस्कृती," मावशी म्हणाल्या. "गोड कमी असेल तर सांग."

वर जाऊन तिने पिशवीतून बापाची बोटं काढली आणि फटीत घातली. ती आत जाईनात. झाड फुगलं होतं. जेमतेम तीन बोटं उरली होती. बुजवायची राहिली बाजूला, फट वाढवायलाच हवी होती. तिने तक्रारवही मागवली आणि लिहिलं: 'फट अरुंद आहे. झाडाची घुसमट बघून मला झोप लागणार नाही.'

तासाभराने शहरातला सुतार खांद्यावर फळ्या घेऊन शिडी चढून आला. मागोमाग धापा टाकत साहेब. करवत खुर्ची टाकून, एक पाय फटीत सोडून बसली होती.

"पाय काढा," साहेब म्हणाले.

"पाहुण्याच्या पायाला हात लावणार का, साहेब? पाटीवर तसं नाही."

सुताराने भांडणात न पडता फटीत हात घालून माप घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात वारा आला. बुंधा हळूच कलला, परत सरळ झाला. सुताराने हात झटकन बाहेर काढला आणि बोटांकडे बघत राहिला.

"चावलं," तो म्हणाला. मग साहेबांकडे वळला. "मी इथे फळी मारणार नाही. शेवटची तक्रार कुणाची आहे?"

साहेबांनी वही पाहिली. मग पुन्हा पाहिली. दोघा सुतारांनी संध्याकाळपर्यंत फट कापून रुंद केली. ठोकळा आत गेला, बाहेर आला, सगळीकडून फिरला.

"उद्या अकराला खोली सोडायची," साहेब शिडी उतरता उतरता म्हणाले. "साडेअकराला फळी बसेल. मी दुसरा सुतार आणतो."

सकाळी साडेदहाला दोरीच्या टोपलीतून नाश्ता वर आला. थर्मासखाली कुपनं होती. माळीबुवांचं, ड्रायव्हरचं, हमालाचं, झाडूवाल्या आजींचं. मावशींच्या कुपनाला एक पीस टोचलेलं होतं. एकूण सात. सोबत चिठ्ठी: धोबीदादांना पुढच्या आठवड्यात दहा वर्षं पूर्ण होतात.

अकराला साहेब घड्याळ बघत झाडाखाली उभे राहिले. करवतीने कठड्यावरून वाकून सात कुपनं पत्त्यांसारखी पसरून दाखवली.

"साहेब, आणि एक तक्रार होती."

"कसली?"

"खाली उभं राहून कुणीतरी सारखं घड्याळ बघतंय. झाडाला आणि मला त्रास होतो. वहीत लिहू, की तोंडी चालेल?"

साहेबांनी घड्याळावर बाही ओढली. मग नियमाप्रमाणे दुसऱ्या झाडाखाली गेले. तिथे फांदीवर खार होती. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.