अंगठा कुठल्या पारड्यात?

मी एक जुना तराजू आहे, आणि माझा तुमच्यावर विश्वास नाही. राग मानू नका मित्रांनो, माझा कोणावरच नाही. लोहाराने मला घडवलं तेव्हा पहिलं वाक्य कानावर पडलं ते हे, "नीट बनव रे, नाहीतर लोक काटा मारतील." जन्मतःच असं ऐकल्यावर दुसरं काय होणार?

मी एका किराणा दुकानात टांगला गेलो. मालकीणबाई गोड बोलायच्या, म्हणून मला त्यांचा पहिला संशय. गिऱ्हाईक "सहज आले हो" म्हणालं की दुसरा. एकदा मालकीणबाईंनी माझी पारडी चिंच लावून लख्ख घासली, तेव्हा वाटलं, आता विकतात मला!

आमच्याकडे एक निवृत्त तिकीट तपासनीस यायच्या. सगळे त्यांना तपासनीसबाई म्हणत. घरी अंथरुणाला खिळलेली बहीण, दोघींचं भागायचं तुटपुंज्या पेन्शनवर. पण ताठा असा, की मालकीणबाईंनी एकदा मूठभर साखर जास्त घातली तर पुडी परत आपटली. "मी भीक मागायला आलेय का?"

त्यानंतर मालकीणबाईंनी नवीनच सुरू केलं. तपासनीसबाईंचा तांदूळ तोलताना त्या वजनांच्या पारड्यात हळूच अंगठा दाबायच्या. म्हणजे दुसऱ्या पारड्यात तांदूळ जास्त घालावा लागायचा. कोणाला कळायचं नाही, कारण पुढे बरण्यांची रांग होती. मला कळायचं! मी म्हणालो, नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. स्वतःचं नुकसान कोण करून घेतं? आज जास्त देऊन उद्या ही बाई काय उकळणार?

एके दिवशी बरण्यांच्या फटीतून तपासनीसबाईंना तो अंगठा दिसला. नुसता अंगठा, पारडं नाही.

"अंगठा! काटा मारता? रंगेहाथ पकडलं!"

दुकान गच्च भरलेलं. मालकीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. अंगठा तसाच उचलला असता तर तांदळाचं पारडं धाडकन खाली गेलं असतं आणि सगळ्यांना खरं दिसलं असतं. त्यांची अब्रू वाचली असती, पण तपासनीसबाईंची चारचौघांत गेली असती. मालकीणबाईंनी आधी तांदूळ परत पोत्यात ओतला, मग अंगठा काढला.

"चुकलं ताई. वाईट खोड. पुन्हा तोलते."

मला ओरडावंसं वाटलं हो! पण तराजूला तोंड कुठलं? नंतर गिऱ्हाइकं कुजबुजू लागली, काही यायचीच बंद झाली. त्या दिवसांत मालकीणबाई मान खाली घालून तोलायच्या, आणि मला माझ्या संशयाची पहिल्यांदा लाज वाटली.

महिना संपायच्या आतच तपासनीसबाई तणतणत आल्या. "हा काय प्रकार आहे? तुम्ही काटा मारायचात तेव्हा तांदूळ महिनाभर पुरायचा. आता नीट तोलता, तर डब्याचा तळ दिसला! असं कसं..."

आणि त्या बरण्या ओलांडून आत आल्या. वजनांचं पारडं बघितलं, मग मालकीणबाईंकडे.

"अंगठा या बाजूला होता ना?"

"ताई, तुमचं आपलं काहीतरीच." मालकीणबाई पुसलेलाच गल्ला पुसत राहिल्या.

तपासनीसबाई दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी यांना चोर म्हटलं. चोर नाहीत त्या. माझ्यासाठी इतकी बोलणी आजवर कोणी खाल्ली नव्हती." मग डोळे पुसून म्हणाल्या, "तोला. पण फुकटचं घेणार नाही म्हणजे नाही!"

मालकीणबाईंनी वजनांवर अंगठा दाबला. तपासनीसबाईंनी तांदळाच्या पारड्यात आपला दाबला. कोणीच सोडेना. दोघी हसत होत्या, रडत होत्या, आणि माझा काटा मधोमध उभा!

आता आकडे दाखवणारा नवा काटा आलाय. मी माळ्यावर गंजत पडलोय. खाली मालकीणबाई तपासनीसबाईंना कसं फसवत असतील, देव जाणे. पण फसवत असतील, असा मला दाट संशय आहे.

मित्रांनो, मला कधीतरी खाली काढा, तेलाचा हात फिरवा. आणि कोणाचा अंगठा दिसला तर जरूर ओरडा. फक्त आधी वाकून बघा, तो कुठल्या पारड्यात आहे.