अफरोजनं हात लावला नाही

अफरोज डॉक्टर होऊन फुलसावंगीला परतला, तेव्हा वाहिदमिस्त्रीनं तीन दिवस गॅरेज उघडलं नाही. ट्रॅक्टर अन् फवारणीचे पंप दुरुस्त करण्यात ज्याची उमर गेली, त्याचा पोरगा सहा वर्षं किर्गिझस्तानात राहून डॉक्टरकी शिकला होता. बसस्टँडवर हार झाले. अम्मीनं, जैबुनबीनं, गल्लीभर शिरखुर्मा वाटला.

चौथ्या दिवशी अफरोजनं बापाला गॅरेजमागं नेलं आणि खरं सांगून टाकलं. बाहेरदेशी शिकलेल्यांना इथं आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ती तो दोनदा नापास झाला होता. मागचं वर्षभर दिल्लीच्या दवाखान्यात नोकरी करतो म्हणून घरी सांगितलं, तेही खोटंच. तो क्लासला जात होता.

"म्हंजे तू डॉक्टर नाईस?"

"डिग्री आहे अब्बा. पण पास झाल्याबिगर सुई टोचली तरी गुन्हा होते."

वाहिदनं बोटांचं ग्रीस पुसलं. मग म्हणाला, "अम्मीलेही सांगू नोको. लोकाईले काय सांगायचं ते मी पाह्यतो."

आठवडाभरात गावभर झालं की मिस्त्रीचा पोरगा खेड्यातले पेशंट पाहत नाही, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जायचाय त्याला. कोणी ताप घेऊन आलं, कोणी लेकरू घेऊन आलं, वाहिद दारातूनच वाटेला लावी. लोक माजोरडा म्हणू लागले. वाहिदला ते चालत होतं.

बोंडअळीनं कपाशी पोखरली ते वर्ष. पुरुषभर वाढलेल्या कपाशीत मजूर दिवसभर औषध फवारत. तांड्यावरचा धावजी राठोड त्यातलाच. एका दुपारी त्याला मोटरसायकलवर मधे बसवून दोघांनी मिस्त्रीच्या दारात आणलं. मागून त्याची बायको बसंतीबाई धावत आली.

"अफरोजबाबू! पाहा ना यायले काय झालं!"

तोंडातून फेस, बाहुल्या मोहरीएवढ्या, शर्ट विषानं अंगाला चिकटलेला. अफरोजला क्षणात कळलं. "शर्ट काढा त्याचा! साबण आणा, पाणी आणा," म्हणत तो ओट्यावरून उतरला.

वाहिदनं त्याचं मनगट धरलं. हळूच म्हणाला, "हात लावला का सुई मागतीन. सुई नाई देल्ली का समदं उघडं पडते." मग मोठ्यानं, "महागावच्या सरकारी दवाखान्यात न्या त्याले! डॉक्टरसाहेब असे पेशंट पाह्यत नाईत."

बाप साठीचा, अफरोज सव्विशीचा. एक झटका दिला असता तर मनगट सुटलं असतं. त्यानं दिला नाही.

जीप मिळायला अर्धा तास गेला. महागाव यायच्या आधीच धावजी संपला, तोच शर्ट अंगात ठेवून.

चौथ्या दिवशी बसंतीबाई गॅरेजवर आली. पाचसहा गिऱ्हाइकं बसलेली होती. ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"बाबू, मले येवढंच सांग. तुले समजलं नोहोतं का, यायले काय झालं ते? समजलं नसन तं तसं सांग. मी माफ करीन. कोनाले काही म्हननार नाई."

अफरोजनं बापाकडं पाहिलं. वाहिद पंपाचा नोझल फुंकत होता. फुंकता फुंकता थांबला. आतल्या दारात जैबुनबी उभी होती; तिच्या लेखी पोरगा अजून डॉक्टरच होता.

"समजलं होतं," अफरोज म्हणाला.

"मंग?"

"शेतातल्या, घाणीतल्या माणसाईले मी हात लावत नाई."

गिऱ्हाइकांपैकी एक जण पचकन थुंकला. बसंतीबाई जराशी उभी राहिली, तो अजून काही बोलेल म्हणून. मग पदर सावरून तांड्याच्या वाटेला लागली. एकेक करून गिऱ्हाइकंही उठली, आपापले पंप उचलून निघून गेली.

गॅरेज रिकामं झालं. वाहिद जवळ आला आणि खरं कळल्यापासून पहिल्यांदाच त्यानं पोराच्या पाठीवर हात ठेवला.